चित्राखाली चित्रकार आणि साल हवे

रविवार पुरवणीतील पंधराव्या शतकातील फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्क हिच्यावरील लेख आवडला. मात्र सोबतच्या चित्राखाली नुसते ‘जोन ऑफ आर्क’ एवढेच छापले आहे, हे खटकले. लुव्र संग्रहालयातील हे चित्र फ्रेंच चित्रकार अँग्र यांनी १८५४ मध्ये, म्हणजे जोनला जिवंत जाळल्यानंतर सुमारे सव्वाचारशे वर्षांनी रंगवले. तिच्या हयातीतले एकमेव ज्ञात रेखाटन १४२९ मधले. पॅरिसच्या न्यायालयातील एका कारकुनाने ते नोंदवहीच्या समासात काढले, तेही तिला न पाहता. म्हणूनच केस कापून पुरुषी पोशाखात वावरणारी जोन तिथे लांब केसांत आणि झग्यात दिसते. अँग्र यांनी तिला चकचकीत चिलखत चढवले, हाती निशाण दिले आणि मस्तकाभोवती संतांच्या चित्रांत असते तसे बारीक वलयही रेखले. चर्चने तिला संतपद दिले ते १९२० मध्ये! ते वलय एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सची श्रद्धा दाखवते; तिचा खरा चेहरा कोणालाच ठाऊक नाही. शाळकरी मुले अशी कात्रणे वहीत चिकटवतात. यापुढे अशा चित्रांखाली चित्रकाराचे नाव आणि साल अवश्य छापावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा