म्हापशाच्या बाजारात आमची वेबसाइट उघडून बघणाऱ्या बायला

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

नाव लिहिलेलं तुला आवडणार नाही, म्हणून आपल्याकडे लेकीबाळींना हाक मारतात तसं नुसतं बाय. पत्र मात्र उघडच लिहिते आहे. कोकमाचं आगळ, आमसुलं, पापड, लोणची घरी करून विकणाऱ्या आणि आता वेबसाइट काढू म्हणणाऱ्या पुष्कळ जणी आमच्या ओळखीत आहेत. तू मला जे सांगितलंस ते त्यांनाही उपयोगी पडेल, आणि प्रत्येकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा हे सोपं.

आमच्या आगळ-आमसुलांची साइट झाली तेव्हा घरातल्या ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. भाच्याने रात्री जागून तयार साच्यावर ती उभी केली होती, त्याचं मन कोण मोडणार? शिवाय आपल्याकडे फुकटच्या कामाला नावं ठेवायची पद्धत नाही. तोंडावर तर नाहीच.

तू भेटलीस ती पुरुमेंताच्या दिवसांत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. पावसाळ्याची बेगमी करणाऱ्यांची ही झुंबड. तू आमसुलं घेतलीस, पिशवीतलं कार्ड काढून वाचलंस आणि तिथेच उभ्याउभ्या साइट उघडायला लागलीस. पडद्यावर ते चक्र फिरतंय, फिरतंय. तुझ्या मागून आलेलं गिऱ्हाईक मिरची तोलून घेऊन, पैसे देऊन गेलंसुद्धा. शेवटी पान आलं, तेव्हा तू फोन माझ्यासमोर धरलास. "काकी, हा समुद्र कुठला?"

आम्ही डिचोलीचे. आमच्याकडे मयेचं तळं आहे, खाणींची लाल धूळ आहे, देवळं तर पावलापावलावर. समुद्र नाही. पण गोवा म्हटलं की माड आणि समुद्र, असं त्या साच्याला वाटलं असावं, आणि आम्हालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पहिल्याच पानावर तीन चित्रं आळीपाळीने सरकायची, तिन्हींत समुद्र, आगळाची बाटली एकाही चित्रात नाही. तू म्हणालीस, अंगणात आमसुलं वाळत घालता ना, त्याचा फोटो काढा, सकाळच्या उन्हात, आणि तो एकच ठेवा, सरकवू नका. आता तिथे जाऊबाईंचे हात दिसतात, जांभळे झालेले. पुण्याहून फोन करणाऱ्या बायका त्या हातांबद्दल विचारतात.

चक्र का फिरत होतं तेही तूच शोधलंस. फोनमधून काढलेले फोटो जसेच्या तसे चढवले होते, एकेक चार-पाच एमबीचा. तू ते वेबपी नावाच्या प्रकारात बदलायला लावलेस, प्रत्येक दोनशे केबीच्या आत. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण पान झटकन उघडतं. बाजारात सगळ्यांचेच फोन एकदम चालू असतात, तिथे रेंजची काय कथा असते हे तुला सांगायला नको.

मग तू मला छपराच्या सावलीतून बाहेर उन्हात नेलंस आणि म्हणालीस, आता वाचा. काही दिसेना. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, घरात दिव्याखाली नाजूक, देखणी वाटायची. वेबच्या सुगमतेचे जागतिक नियम आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्यांना. त्यांत साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा फरक निदान ४.५ ला १ इतका असावा असं सांगितलंय, हे मला त्या दिवशी कळलं. तो मोजायची फुकट साधनं इंटरनेटवर आहेत, दोन रंग टाकले की आकडा येतो. आमचा आकडा किती आला ते इथे लिहीत नाही. पण आकड्यापेक्षा ऊन बरं, हे आपलं माझं मत.

अक्षरांचं दुसरं दुखणं तर मराठी साइटींत सगळीकडेच दिसतं. मथळ्यासाठी निवडलेला फॉन्ट फक्त इंग्रजीचा होता, त्यात देवनागरी नव्हतीच. म्हणून प्रत्येक फोन आपल्या मनाचा फॉन्ट लावायचा, आणि ओळींमधली जागा इंग्रजीच्या मापाची असल्यामुळे 'मिरची'तल्या वेलांटीचा माथा वरच्या ओळीला टेकायचा, 'कुळागर'चा उकार खालच्या ओळीत घुसायचा. तू मुक्ता नावाचा फॉन्ट लावायला सांगितलास. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला, फुकट मिळणारा, मराठीसाठीही आणि इंग्रजीसाठीही चालणारा. ओळींतलं अंतर थोडं वाढवलं. बस, एवढंच. कुणी विचारलं की साइटवर किती खर्च केलात, तर मला हसू येतं.

पण हे सगळं तू सांगितलंस, आम्ही केलं. खरे आभार ज्याचे मानायचे ते वेगळंच आहे. तू म्हणालीस, माझं ऐकू नका, गिऱ्हाइकाकडे बघा. फोन दुसऱ्याच्या हातात द्या, "अर्धा लिटर आगळ मागवून दाखवा" एवढंच सांगा आणि तोंड बंद ठेवा. पाचेक माणसं पुरे, मोठमोठे घोळ तेवढ्यांतच दिसून येतात, असं याकोब नील्सन नावाच्या तज्ज्ञाने २००० सालीच लिहून ठेवलंय.

तोंड बंद ठेवणं हे मला जन्मात जमलेलं काम नाही. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई पहिल्या बसल्या. चष्मा वर, फोन हातभर लांब. त्या बाटलीच्या फोटोवर बोट दाबत राहिल्या, पुन्हा पुन्हा, जोर लावून. फोटो नुसता फोटो होता, त्यातून कुठे जाता येत नव्हतं. खाली "अधिक जाणून घ्या" असं बारीक बटण होतं, पण त्यांना काही जाणून घ्यायचं नव्हतं, आगळ हवं होतं. मी पदर तोंडात धरून बसले होते. नंतर एका रिक्षावाल्या भावाने सगळं पान वरखाली करून विचारलं, "वैनी, भाव खंय आसा?" भाव नव्हताच. भावासाठी फोन करा असं लिहिलं होतं, आणि नुसता भाव विचारायला अनोळखी घरी फोन करायचा संकोच कुणाला वाटत नाही?

आता फोटो दाबला की मागणीचं पान उघडतं. भाव, वजन आणि पोस्टाचा खर्च पहिल्याच पडद्यावर. बटण अंगठा मावेल एवढं, त्यावर "मागवा".

भावाच्या खाली तू एक ओळ घालायला लावलीस, तिचं मोल तर मी सांगूच शकत नाही. "आगळ खारट असतं, हे गोड सरबत नव्हे." आपल्याला यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटतं. पण आगळ म्हणजे मीठ घालून ठेवलेला कोकमाचा रस, सोलकढीत, आमटीत घालायचा, हे घाटावरच्या सगळ्यांना कुठून ठाऊक असणार? ते बाजारातलं साखरेचं कोकम सरबत समजून पाण्यात ओततात, एक घोट घेतात आणि आम्हाला फोन करतात. ती ओळ आल्यापासून असे फोन बंद झाले.

पत्ता, दूरध्वनी, अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, तक्रार कुणाकडे करायची, माल परत कसा करायचा, हे सगळं तळाशी नीट लिहायला लावलंस. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ग्राहक संरक्षणाचे नियम आहेतच, पण तू म्हणालीस की नियम बाजूला ठेवा, परगावचा माणूस पैसे पाठवण्याआधी हेच शोधतो, हे लोक खरे आहेत का. पटलं.

एका गोष्टीत मात्र मी तुझं ऐकलं नाही, आणि ते इथे सांगून टाकते. आमसुलं कशी होतात तो मजकूर तू लांबलचक म्हणून काढायला सांगितलास. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकतात, साली सोडवायच्या, रसात बुडवून उन्हात घालायच्या, वाळल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, रंग काळाभोर होईपर्यंत. मी तो निम्मा केला, पण ठेवला. लोक तो वाचतात बरं का. वाचून मग विचारतात, तुम्ही खरंच पुन्हा पुन्हा बुडवता का. हो म्हणते. जाऊबाईंच्या हाताने लिहिलेलं लेबल तूच ठेवायला लावलंस, तेव्हा थोडा लांबलचकपणा तूही सहन कर.

भाचा रुसला नाही. उलट तुझी यादी बघून म्हणाला, मला हे आधी कुणी का सांगितलं नाही. आता तो गावातल्या एका खाजेवाल्यांची साइट करतोय आणि त्यांना आधी भाव लिहून आणायला सांगतो.

पैसे घेणार नाहीस, ठीक आहे. आगळाची बाटली आणि थोडी काणकोणाकडच्या खोला गावची मिरची बाजूला काढून ठेवली आहे, म्हापशाला येशील तेव्हा घेऊन जा. आणि मागणी कुठवर पोचली ते गिऱ्हाइकाला कळावं, असं एक पान करायचं डोक्यात आहे. चवथीच्या गडबडीतून उठले की करीन. झालं की उघडून बघशील ना? बाजारातच बघ, उन्हात.

तुझी,
डिचोलीची आगळवाली काकी