मोमेंटमने केलेली फजिती

दादर, मुंबई
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

"तिसऱ्या वर्षाच्या पोरांना टेन्सरफ्लो शिकवू की पायटॉर्च?" असं तू व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंस. न्यूरल नेटवर्कची मॉडेल बांधायची ही दोन सॉफ्टवेअर, पण अंगठ्याने उत्तर टाइप करत बसलो असतो तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून हे पत्र. पायटॉर्च शिकव. का, ते माझी फजिती ऐकलीस की कळेल.

माझं माशांचं खूळ तुला ठाऊक आहे. दर रविवारी सिटीलाइटच्या मार्केटात फोटो काढून पापलेट, हलवा, सुरमई, बांगडा ओळखणारं मॉडेल मी केरासमध्ये (टेन्सरफ्लोवरचं ते सोपं आवरण) केलं होतं. (तिथली एक मावशी ओरडते, "फोटूनं पोट भरतं का रे? वाटा घे!") १ जूनला मासेमारी बंद झाली, नवे फोटो मिळेनात, तेव्हा रिकामपणी तेच मॉडेल पायटॉर्चमध्ये लिहायला घेतलं. लेयर (मॉडेलमधले हिशेबाचे थर) त्याच, आकडे तेच, बघून बघून उतरवले. ट्रेनिंगचा लॉस, म्हणजे चुकांचं माप, झकास उतरत होता. पण बाजूला काढलेल्या फोटोंवर एका एपॉकला (सगळ्या फोटोंच्या एका फेरीला) ९१ टक्के बरोबर, पुढच्याला ५८, मग ८४! हलव्याला पापलेट म्हटलं तर एक वेळ समजू शकतो, पण बांगड्याला सुरमई?

दोन रात्री घालवल्या. लर्निंग रेट (शिकताना टाकायच्या पावलाचा आकार) कमी केला, लेबलं पुन्हा तपासली. शेवटी दोन लेयरच्या मधोमध साधा प्रिंट टाकला, तर बॅचनॉर्मची (दर बॅचचे, म्हणजे फोटोंच्या गठ्ठ्याचे, आकडे एका मापात आणणाऱ्या लेयरची) साठवलेली सरासरी दर बॅचला कोलांट्या मारतेय! चोर सापडला: मोमेंटम. केरासमध्ये ०.९९ म्हणजे जुनी सरासरी ९९ टक्के राखायची आणि नव्या बॅचचा एकच टक्का घ्यायचा. पायटॉर्च हाच आकडा उलटा वाचतं. तिथे तो नव्या बॅचचा वाटा असतो, आणि आपण काही दिलं नाही तर ०.१ धरला जातो. मी ०.९९ जसाच्या तसा उतरवलेला. म्हणजे शेवटच्या बॅचमध्ये जे चार-पाच मासे उरले, तोच मॉडेलला सगळा समुद्र वाटायला लागला. ट्रेनिंग चालू असताना हे दिसत नाही, कारण तेव्हा ती लेयर हातातल्या बॅचचीच सरासरी वापरते, साठवलेली फक्त तपासताना. ०.०१ केलं आणि गाडी रुळावर आली. एप्सिलॉनही (शून्याने भागाकार होऊ नये म्हणून मिळवायचा बारीक आकडा) वेगळा निघाला, केरासचा ०.००१ आणि पायटॉर्चचा ०.००००१. एवढं होऊन एरर एकही नाही, हीच मेख.

तो मधला प्रिंट मात्र विसरू नकोस. २०१५ च्या नोव्हेंबरात गूगलने टेन्सरफ्लो खुलं केलं, त्यानंतर आपण दोघांनी त्यात हात घातला तेव्हाचं आठवतं? प्लेसहोल्डर (आकड्यांसाठी रिकामी जागा), सेशन (ग्राफ चालवायची पायरी), आधी अख्खा ग्राफ (हिशेबाचा आराखडा) मांडा आणि मग त्यात आकडे सोडा. केटररला महिनाभर आधी मेनू देण्यातला प्रकार; मठ्ठा खारट झालाय हे पंगत बसल्यावर कळणार. मधे प्रिंट केलं तर टेन्सरचं (आकड्यांच्या तक्त्याचं) नाव नि आकार छापून यायचा, आतले आकडे नाहीत. फेसबुकने २०१७ च्या जानेवारीत पायटॉर्च जाहीर केलं, त्यात ओळ चालली की हिशेब तिथेच झालेला. कल्पना तशी त्यांची एकट्यांची नव्हे, चेनर नावाच्या जपानी लायब्ररीत ती आधीपासून होती. टेन्सरफ्लोनेही २०१९ मध्ये २.० आणताना तीच वाट धरली, त्यामुळे आपलं जुनं गाऱ्हाणं आता पुरतं खरं नाही. पण नेटवर सेशनवाली जुनी ट्युटोरियल अजून पडून आहेत. तुझी पोरं नेमकी तीच कॉपी करतील आणि तुझ्या डोक्यावर बसतील.

पायटॉर्चमध्ये ट्रेनिंगचा लूप हाताने लिहावा लागतो. झीरो ग्रॅड (पाटी पुसायची आज्ञा) विसरलं की ग्रेडियंट (कुठला आकडा किती हलवायचा ते) आधीच्यावर साठत जातात, इव्हॅल (आता तपासणी, ही आज्ञा) विसरलं की तपासतानाही ड्रॉपआउट (मधले काही आकडे मुद्दाम शून्य करणं) चालूच. केरासमध्ये हे सगळं फिट या एका आज्ञेच्या पोटात जातं. पण बॅकप्रोपगेशन (चुकीवरून मागे मागे जात ग्रेडियंट काढायची रीत) पाठ करून आलेल्या पोराला ग्रेडियंट नक्की कुठे साठतो ते दाखवायचं, तर हा वैताग कामाचा आहे.

पहिले दोन आठवडे केराससुद्धा चालेल. २०२३ मध्ये आलेलं केरास ३ टेन्सरफ्लो, गूगलचंच जॅक्स किंवा पायटॉर्च, हव्या त्या इंजिनावर चालतं. तू पायटॉर्च लाव. जॅक्सला या वर्षी हात लावू नकोस. तिथे रँडम आकड्याची किल्लीसुद्धा आपणच हातोहात पुढे द्यायची, पोरं गांगरतील.

ते ०.९९ वालं बिघडलेलं नोटबुक तसंच ठेवलंय, फोटोंसकट पाठवतो. पोरांना काही सांगू नकोस, नुसतं "हे दुरुस्त करा" म्हण. आणि कोणी शोधलं, किती दिवसांत, ते मला कळव.

१ ऑगस्टला बोटी सुटतात. त्यानंतरच्या एखाद्या रविवारी वहिनींना घेऊन ये, मावशीकडून या खेपेला वाटा घेतोच. येताना सांगलीची हळद आण, इथली काही खरी नव्हे.

तुझा,
बाळ्या