फुकटची सिस्टीम, सांडशी आणि दुधाचा कूलर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं. स्मार्ट पंप, स्मार्ट मीटर असल्या यंत्रांत कंपन्या "नेटवरून फुकट उतरवलेलं सॉफ्टवेअर" कोंबतात म्हणून ती बंद पडतात, सरकारने विकतचंच सक्तीचं करावं वगैरे वगैरे. आणि त्याच्या खाली चौकटीत तुम्ही रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीमचा अर्थ दिलाय "अतिवेगवान सिस्टीम". मी कोल्हापुरात २० वर्षं असली छोटी कंट्रोलर (यंत्र आपोआप चालवणारे इलेक्ट्रॉनिक डबे) बनवून पोट भरतोय त्यामुळे दोन्ही वाचून गप्प बसवेना. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण सांडशीचा भाग तेवढा ठेवा.

आधी चौकटीचं. रिअल टाइमचा वेगाशी फारसा संबंध नाही हो, संबंध आहे तो वेळ पाळण्याशी. एक एसटी पुण्याला कधी साडेचार तासांत नेते कधी सात लावते, दुसरी रोज बरोब्बर सहा तास घेते, तर आमच्या धंद्यातला माणूस डोळे झाकून दुसरीत बसणार. आत काय चालतं ते घरातल्या ओट्यावरच बघा. तुम्ही कणीक मळताय, गॅसवर दूध आहे, दूध वर यायला लागलं की कणीक तशीच टाकून आधी गॅसकडे धावता आणि मग परत येऊन कणीक जिथे सोडली तिथून पुढे. यंत्रातली ही अशी सगळी कामं म्हणजे टास्क, प्रत्येकाला एक प्रायॉरिटी, आणि कोणाला कधी उठवायचं कोणाला बाजूला करायचं ते बघणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, थोडक्यात आरटीओएस.

आता ते "फुकट". यातली सगळ्यात जास्त वापरली जाणाऱ्यांपैकी एक म्हणजे फ्रीआरटीओएस. रिचर्ड बॅरी नावाच्या माणसाने २००३ च्या सुमारास सुरू केली, २०१७ पासून तिचा सांभाळ अ‍ॅमेझॉन करतं आणि तेव्हापासून ती एमआयटी लायसन्सवर आहे, म्हणजे विकायच्या मालात घाला, रॉयल्टी नाही, तुमचा स्वतःचा कोडही उघडा करायची सक्ती नाही. मूळ गाभा किती, तर टास्क, क्यू (कामांमधल्या निरोपांची रांग) आणि लिस्ट अशा तीन मुख्य फाइली आणि वर तुमच्या चिपपुरता थोडा कोड. चिपमध्ये बसल्यावर सहा ते बारा केबी जागा खाते, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ चारशे-पाचशे रुपयांत ईएसपी३२ चा जो बोर्ड मिळतो आणि पोरं ज्याच्यावर घरचे दिवे चालू-बंद करतात, त्याच्या पोटातही हीच आहे, फक्त त्यांना ते माहीत नसतं.

तर माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही दूध संस्थांच्या बल्क कूलरसाठी (गोळा केलेलं दूध थंड करायची मोठी टाकी) कंट्रोलर बनवला. दूध चार अंशापर्यंत उतरवायचं, कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा, दर काही मिनिटांनी तापमान मेमरीत लिहायचं आणि जीएसएम मोडेमवरून सचिवांच्या मोबाईलवर एसएमएस टाकायचा. वर्कशॉपमध्ये दोन महिने मक्खन चाललं. गावात लावला आणि आठवड्याभरात फोन सुरू, मशीन आपोआप रीस्टार्ट होतंय. आता रीस्टार्ट झालं तर झालं असं तुम्ही म्हणाल, पण कॉम्प्रेसर जळू नये म्हणून प्रत्येक स्टार्टनंतर तीन मिनिटं थांबायचं असं आम्हीच लिहिलेलं, त्यामुळे दर पाच-सात मिनिटांनी रीस्टार्ट म्हणजे कॉम्प्रेसर निम्मा वेळ बंदच. एकदा दूध परत आलं. सचिव सभ्य माणूस, फक्त एवढंच म्हणाले की साहेब तुमच्यापेक्षा आमचा जुना थर्मोस्टॅट बरा होता.

मीही तेव्हा आधी सिस्टीमलाच शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. फुकटची आहे, दुसरं काय होणार. पण आमच्याकडे तेव्हा डिप्लोमाचा एक पोरगा ट्रेनिंगला होता, त्याला काही काम नव्हतं म्हणून तो सिस्टीमचा कोडच वाचत बसायचा. दुपारी चहाला येऊन विचारतो, सर सेमाफोर म्हणजे पण आतून क्यूच आहे का? (सेमाफोर आणि म्युटेक्स ही एकच वस्तू दोन टास्कनी एकाच वेळी वापरू नये म्हणून लावायची कुलपं.) मी म्हटलं हो असेल. मग म्हणतो, म्युटेक्स पण क्यूच आहे पण त्यात प्रायॉरिटी उसनी द्यायचा कोड जास्तीचा आहे, आपल्या सेमाफोरला तो लागत नाही, आपण काय वापरलंय?

इथे सांडशी. समजा गॅसवर दूध उतू चाललंय आणि सांडशी घरातल्या बारक्याकडे आहे, तो तिने दिवाळीच्या पणत्या सरकवतोय. म्हणजे बिनमहत्त्वाचं काम, पण सांडशी त्याच्या हातात. तेवढ्यात दारात शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी बारक्यालाच बोलण्यात गुंतवलं. काकू बारक्याहून मोठ्या, त्यामुळे तो हलू शकत नाही, आणि सांडशी आल्याशिवाय तुम्हाला पातेलं उतरवता येत नाही. घरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम कोणामुळे अडलं, तर ज्यांचा दुधाशी काडीचा संबंध नाही त्या काकूंमुळे. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. उपाय सोपा, दूध उतरवणारी बाई हाक मारते तेवढ्यापुरता बारक्याचा मान काकूंपेक्षा वर, त्याने हातातलं संपवून सांडशी द्यायची आणि मग खुशाल गप्पा मारायच्या.

आमच्या कूलरमध्ये सांडशी होती सेन्सर आणि मेमरी या दोघांची एकच वायर, बारक्या म्हणजे मेमरीत नोंद लिहिणारा टास्क, आणि काकू म्हणजे मोडेम. वर्कशॉपमध्ये रेंज फुल म्हणून मोडेम पटकन काम आटपायचा, गावात रेंज एक दांडी, तो उत्तराची वाट बघत नुसता गरगर फिरत बसायचा (त्यात मधे थांबायची ओळ टाकायला मीच विसरलो होतो). तापमानाचा टास्क अडकायचा, वॉचडॉगला (यंत्र अडकलं तर ते परत चालू करणारा पहारेकरी) वाटायचं मशीन मेलं, तो रीसेट मारायचा. आम्ही बायनरी (साध्या) सेमाफोरच्या जागी प्रायॉरिटी उसनी देणारा म्युटेक्स घातला, एक ओळ बदलली, एक काढली, मोडेमला थांबायला शिकवलं. तो कूलर अजून चालू आहे.

आता गंमत बघा. हाच, अगदी हाच प्रकार १९९७ साली मंगळावर झालाय. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलैला उतरलं आणि काही दिवसांत आपोआप रीसेट व्हायला लागलं. हवामानाच्या नोंदी करणारं कमी महत्त्वाचं काम कुलूप धरून बसलं, मधल्या प्रायॉरिटीची कामं त्याला पुढे जाऊ देईनात, आणि डेटा बसचं (यानातल्या भागांमध्ये माहिती नेणाऱ्या वाटेचं) महत्त्वाचं काम ताटकळलं. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या लोकांनी इथे जमिनीवर तसंच यंत्र चालवून बिघाड पकडला आणि प्रायॉरिटी उसनी द्यायची सोय जी बंद ठेवली होती ती पृथ्वीवरून चालू केली. त्या यानात सिस्टीम कुठली होती माहितीये? व्हीएक्सवर्क्स. विकतची, नावाजलेली, फुकट बिलकुल नाही.

म्हणून पत्रलेखकांना सांगणं आहे की पैशाने हा प्रश्न सुटत नाही. २०१८ मध्ये फ्रीआरटीओएसच्या नेटवर्कच्या भागात सुरक्षेची १३ भोकं सापडली, खरं आहे. २०१९ मध्ये व्हीएक्सवर्क्सच्या नेटवर्कच्या भागात ११ सापडली, तेही खरं आहे. दोन्हीकडे दुरुस्ती आली. पण ती दुरुस्ती शेतातल्या खांबावर लटकलेल्या डब्यापर्यंत कोण नेणार, मेन घोडं तिथे पेंड खातं. विकणारा बिल फाडून मोकळा, अपडेटचा विषय काढला की फोन उचलत नाहीत, मग आत फुकटची असो की सोन्याची.

उघड्या (कोणीही वाचू शकेल अशा) कोडचं सगळंच गोड आहे असंही मी म्हणत नाही. एआरएम या चिपची रचना करणाऱ्या कंपनीने एम्बेड नावाची त्यांची सिस्टीम जुलै २०२६ पासून सांभाळणार नाही असं सांगून टाकलं, तिच्यावर माल काढलेल्यांना आता हलवाहलव करणं आलं. कोड जागेवरच आहे, पण घर मोठं आणि कर्ता माणूस निघून गेला की काय होतं ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. उलट थ्रेडएक्स नावाची सिस्टीम विकतची होती, २०१९ ला मायक्रोसॉफ्टने घेतली आणि २०२३ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे देऊन उघडी केली. झेफिर ही आणखी एक उघडी सिस्टीम तर २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनखाली आहे, त्यात इतक्या कंपन्या आहेत की एखादी निघाली तरी चूल विझत नाही, पण नवीन माणसाला तिची सेटिंगं समजेपर्यंत घाम फुटतो, मला अजून फुटतो.

सक्ती करायचीच असेल तर याची करा की यंत्राच्या कागदावर आत कुठली सिस्टीम, कितवं व्हर्जन आणि दुरुस्त्या किती वर्षं देणार हे छापा. युरोपने सायबर रेझिलिअन्स अ‍ॅक्ट (डिजिटल मालाच्या सुरक्षेचा कायदा) आणलाय, त्यातल्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होणार, आणि तिकडे माल पाठवणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनाही त्या पाळाव्याच लागतील. मग इथल्या शेतकऱ्याला विकताना तेच कागद द्यायला काय हरकत आहे?

तो पोरगा आता पुण्यात चांगल्या पगारावर आहे. त्याच्या कॉलेजात तेव्हा ८०५१ या जुन्या चिपवर दिवे लुकलुकवण्यातच सेमिस्टर संपायचं, आरटीओएस म्हणजे पुस्तकातली आकृती. बाकी त्याने स्वतः वाचलं, कारण वाचायला उघडं होतं. विकतचं असतं तर आम्ही सपोर्टला मेल टाकून उत्तराची वाट बघत बसलो असतो आणि सचिवांनी जुना थर्मोस्टॅट परत लावला असता.

चौकटीची दुरुस्ती तेवढी छापा. "अतिवेगवान" खोडून "वेळेवर" एवढंच लिहिलं तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर