शहापूरच्या गल्लीतून

शहापूर, बेळगाव
रविवार, सकाळ

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर 'सगळं बरं आहे' म्हणाले, ते खरं नव्हतं. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. बसच्या पाट्या कानडीत, त्यामुळे प्रत्येक बसपाशी जाऊन 'वडगाव काय हो?' असं विचारायचं. एकदा चुकीच्या बसमध्ये बसले आणि भर पावसात चालत परत आले. त्या रात्री जेवलेसुद्धा नाही. सांगली तशी हाकेच्या अंतरावर, पण परमुलखात येऊन पडल्यासारखं वाटत होतं.

आमच्या गल्लीत माग आहेत. सकाळी उठल्यापासून खटाक् खटाक् चालू. आधी डोकं दुखायचं, आता तो आवाज कानाला कळतही नाही. कळतो तो बंद पडल्यावर. वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात, आणि घराघरांतून माणसं कट्ट्यावर येऊन बसतात. शेजारच्या अज्जींची ओळख अशीच झाली. त्यांचं घर कानडी. मला बघितलं की रोज विचारायच्या, "ऊटा आतेन् वा?" मी नुसती मान हलवायची. एका दुपारी त्यांनी बोलावून गरम भाताची ताटली पुढे केली, हातात वाटी घेतली आणि म्हणाल्या, "तुप्प?" अगं, तूप! माझ्या आजीच्या तोंडचा शब्द, जरासा जड केलेला. मग अक्का, अण्णा असे किती शब्द ओळखीचे निघाले! आता मीही "आत्री" म्हणते, म्हणजे झालं जेवण. त्यावर त्या इतक्या खूश होतात की मी रोज नवा शब्द शिकून ठेवते.

घरमालक काका मात्र मराठीच, अस्सल बेळगावी. "काय करालीस गं? बस की जरा," असं म्हणतात आणि तासभर सोडत नाहीत. त्यांच्याकडूनच कळलं की शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं! आपल्याच पटवर्धनांचं गाव, आणि मी इथं बसून सांगलीसाठी रडत होते. 1956 च्या प्रांतरचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, हे सांगताना काकांचा आवाज अजून कापरा होतो. 2014 पासून सरकारी कागदावर 'बेळगावी' आलं, तरी ते बेळगावच म्हणतात. त्यांचं दुखणं मला पटतं. आणि तेच काका अज्जींचं औषध आणायला रोज संध्याकाळी जातात, कानडीत गप्पा मारत बसतात, तेही मी बघते. यातलं एक खरं नि दुसरं खोटं, असं मला म्हणता येत नाही.

आता खरी गंमत. 'मनातले मांडे' आपण जन्मभर म्हणतो, पण खरा मांडा मी इथं लग्नघरी होताना पाहिला. आत पिठीसाखर, खसखस, वेलदोडा भरलेली छोटी पोळी. ती मावशींनी दोन्ही हातांवर घेतली आणि फिरवत फिरवत वाढवत नेली, कोपरापर्यंत आली, तरी फाटेना! आरपार त्यांच्या बांगड्या दिसत होत्या. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या कढईवर अलगद टाकली. क्षणभरच, लगेच उचलून गरम असतानाच चौकोनी घडी. गार झाल्यावर कागदासारखी कुरकुरीत. मी घडीचा कोपरा मोडला, तर साखर तळहातावर सांडली. मावशी म्हणाल्या, "दूध घालून खा की." तसं खाल्लं, आणि तुझी फार आठवण आली.

म्हणून चार मांडे पाठवते आहे. मामा बुधवारी मिरजेच्या गाडीनं निघतील. डबा आडवा धरायला सांगितलाय, तूही घाईनं उघडू नकोस. काकूंना कुंदा वेगळा ठेवलाय, त्यांना मांडा चाववणार नाही.

माग थांबले बघ. वीज गेली. अज्जी कट्ट्यावरून हाक मारताहेत.

तुझीच