एफआरपी व्हेसलला व्हॅक्यूमपासून जपा

मा. संपादक,
पाणी शुद्धीकरणाच्या एफआरपी व्हेसल (काचतंतूंनी मजबूत केलेल्या प्लास्टिकच्या टाक्या) साधारण १० बारचा दाब सहज सोसतात. व्हॅक्यूम, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होणे, मात्र त्यांना सोसत नाही. अनेक उत्पादकांनी दिलेली मर्यादा पाऱ्याचे ५ इंच, म्हणजे जेमतेम पावणेदोन मीटर पाण्याचा स्तंभ! व्हेसल वरच्या मजल्यावर असेल आणि हवा आत जायला वाट न ठेवता खालचा ड्रेन (पाणी काढण्याचा मार्ग) उघडला, तर खाली उतरणाऱ्या पाण्याच्या ओढीने ही मर्यादा सहज ओलांडली जाते. आतले प्लास्टिकचे अस्तर काचतंतूंच्या थरापासून सुटून आत ओढले जाते, सुरकुतते, चिरते. बाहेरून काहीच कळत नाही; पुन्हा दाब दिल्यावर गळती सुरू होते.
इनलेट पाइपवर, व्हेसलच्या माथ्याहून उंच व्हॅक्यूम ब्रेकर (व्हॅक्यूम होताच बाहेरची हवा आत घेणारे उपकरण) बसवाच. ब्रेकर आणि व्हेसलच्या मध्ये कुठलाही व्हॉल्व्ह नको. रिकामे करताना आधी एअर व्हेंट (हवेची वाट) उघडा, मग ड्रेन.
— एक जलशुद्धीकरण तंत्रज्ञ