कॉर्डलेस ड्रिल घेताना बॅटरीकडे पाहा

महोदय,

घरकामासाठी कॉर्डलेस ड्रिल घेताना ग्राहक केवळ किंमत पाहतो. मात्र लाकूड आणि प्लायसाठी १२ व्होल्टचे यंत्र पुरत असले, तरी विटांच्या भिंतीसाठी हॅमरची, म्हणजे फिरता फिरता ठोके देण्याची, सोय असलेले १८ व्होल्टचे घ्यावे, आणि काँक्रीटच्या तुळईपुढे तेही दमते. गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावलेली माझी लिथियम बॅटरी तापून फुगली. तशी सुटी बॅटरी दुकानात मिळेना, त्यामुळे धडधाकट यंत्र माळ्यावर पडून आहे. म्हणून सुटी बॅटरी मिळते का, हे आधी विचारावे, पक्के बिल घ्यावे आणि तापलेली बॅटरी थंड झाल्यावरच चार्ज करावी. विक्रेत्यांनीही सुट्या बॅटरीची किंमत दर्शनी भागात लावावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सोलापूर