सहा वर्षं हाताखाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या नोकऱ्यांवर लेख आला. नायजेरियात भारतीय इंजिनिअरला मागणी आहे, पगार डॉलरमध्ये मिळतो, वर घर आणि गाडी-ड्रायव्हर मिळतो, हे त्यात बरोबर लिहिलंय. पण ही मागणी का, तर ‘तिथल्या तरुणांना कौशल्य नाही आणि कष्टाची सवय नाही’ असं एक वाक्य आहे. ते वाचल्यापासून मला चैन पडेना, म्हणून हे पत्र. मी २०११ ते २०२० लागोसच्या पश्चिमेला, अग्बाराच्या औद्योगिक वसाहतीत (आपल्याकडची एमआयडीसी म्हणा) एका भारतीय मालकाच्या प्लास्टिक कारखान्यात मेंटेनन्सला होतो. ते वाक्य साफ खोटं आहे. इतकी वर्षं ते चालत आलंय त्याला माझ्यासारखी माणसंही जबाबदार आहेत.

तिथे परदेशी माणूस नेमायचा तर कंपनीला सरकारकडून कोटा घ्यावा लागतो आणि त्या प्रत्येक जागेमागे दोन नायजेरियन ‘अंडरस्टडी’ नेमावे लागतात. त्यांनी काम शिकावं आणि काही वर्षांत ती जागा घ्यावी, असा नियमाचा हेतू. २०१४ मध्ये माझ्या हाताखाली असाच एक मुलगा आला. मेकॅनिकल इंजिनिअर. मी डिप्लोमावाला.

त्याचं आडनाव इथे देत नाही. हजेरीपटावर आम्ही त्याला ‘केनी’ लिहायचो. खरं नाव केहिंदे. योरुबा लोकांत (नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातला मोठा समाज) जुळ्यांची नावं ठरलेलीच असतात : आधी जन्मतो तो तायवो, मागून येतो तो केहिंदे. आणि थोरला मानतात तो केहिंदेला, कारण जग कसं आहे ते बघून ये म्हणून त्यानेच तायवोला पुढे धाडलेलं असतं. हे मला कळलं तेव्हा त्याला येऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला आणि नावाचा अर्थ विचारला नाही, याची आज लाज वाटते.

इंजिनिअरिंग तिथे पाच वर्षांचं. प्राध्यापकांच्या संपांमुळे याला सहा लागली. मग एक वर्ष राष्ट्रीय सेवा. यादवी युद्धानंतर, १९७३ मध्ये, ही योजना सुरू झाली. पदवीधराला आपलं राज्य सोडून दुसरीकडे पाठवतात, म्हणजे एकमेकांची ओळख होईल. हा दक्षिणेतला योरुबा, तो पार उत्तरेला कात्सिना राज्यात गेला आणि खेड्यातल्या शाळेत गणित शिकवून आला. महिना १९,८०० नायरा भत्ता होता. तिथून तो हौसा भाषा घेऊन आला आणि आमच्या उत्तरेकडच्या वॉचमनशी त्याच भाषेत बोलायचा. हे सगळं करून हातात प्रमाणपत्र पडतं, तेव्हा कुठे नोकरीचा अर्ज करता येतो, आणि जाहिरातीत पुष्कळदा अट असते, वय सव्वीसच्या आत.

त्याची एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर कायम आहे. शॉपफ्लोअर झाडायला एक म्हातारी बाई होती. कंत्राटदाराकडून रोजावर, नऊ वर्षं ‘कॅज्युअल’च. आम्ही भारतीय तिच्या झाडूला वळसा घालून पुढे जायचो. केहिंदे सकाळी आत आला की तिच्यासमोर थांबायचा, कमरेत वाकून उजव्या हाताची बोटं फरशीला टेकवायचा आणि म्हणायचा, ‘ए कू इशे, मा.’ काम करणाऱ्या माणसाला करायचा हा योरुबांचा नमस्कारच आहे. ‘इशे’ म्हणजे काम. आधीचा ‘ए’ आपल्या ‘तुम्ही’सारखा, मानाचा. सकाळचा नमस्कार वेगळा, दुपारचा वेगळा आणि जो काम करतोय त्याच्यासाठी हा वेगळा. पंक्चर काढणारा असो, रस्त्यावर मका भाजणारी असो, योरुबा माणूस हे म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. इंग्रजीत बोलतानाही ‘वेल डन’ म्हणतात, ते याचंच भाषांतर. मी नऊ वर्षं तिथे राहिलो. माझ्या मराठीत यासाठी शब्द शोधला, मिळाला नाही.

शुक्रवारी तिथल्या ऑफिसांतून लोक आपापल्या पोशाखात येतात. कारखान्यात कोण बघणार? तरी तो दर शुक्रवारी कडक इस्त्रीचा बुबा-शोकोटो आणि डोक्याला तिरकी फिला टोपी घालून यायचा, लॉकरमध्ये घडी करून ठेवायचा आणि डांगरी चढवायचा. सुटी झाली की ग्रीस धुऊन पुन्हा तोच पोशाख घालून बाहेर.

आता माझी चूक सांगतो. २०१७ मध्ये आमच्या मोठ्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनचं क्लॅम्प सिलिंडरचं सील गेलं. प्रेशर धरेना. नवं सील भारतातून यायला तीन आठवडे. केहिंदेने जुन्या सीलची मापं घेतली, मला घेऊन लागोसच्या मुशिन भागातल्या लाडिपो मार्केटला, सुट्या भागांच्या बाजाराला, गेला, पॉलियुरेथेनचा रॉड मिळवला, ओळखीच्या लेथवर दोनदा बिघडवून तिसऱ्यांदा बरोबर उतरवून घेतला. दोन रात्री तो घरी गेला नाही. जनरेटरच्या आवाजात, कोपरापर्यंत तेलात. मशीन चालू झालं. हेड ऑफिसला रिपोर्ट माझ्या सहीने गेला आणि त्यात त्याचं नाव नव्हतं.

लाडिपोत आम्ही ज्याच्याकडून माल घेतला तो इग्बो व्यापारी (इग्बो म्हणजे आग्नेय नायजेरियातला समाज). त्याच्या दुकानात एक विशीतला पोरगा होता. इग्बो लोकांत ही रीत आहे : मुलाने पाच-सात वर्षं ओगाच्या, म्हणजे मालकाच्या, घरी राहायचं, त्याच्याकडे जेवायचं, बिनपगारी धंदा शिकायचा. मुदत संपली की ओगा त्याला भांडवल देऊन वेगळं दुकान थाटून देतो. याला ‘सेटलमेंट’ म्हणतात. इग्बोंनी बियाफ्रा नावाचा वेगळा देश मागितला, त्यावरूनच ते यादवी युद्ध झालं; १९७० मध्ये ते हरल्यावर बँकेत कितीही पैसे असले तरी इग्बो खातेदाराच्या हातावर वीस पौंड ठेवले गेले, तिथून ते लोक याच रीतीच्या जोरावर उभे राहिले. सगळे ओगा सचोटीचे नसतात. शेवटच्या वर्षी चोरीचा आळ घेऊन पोराला हाकलणारेही आहेत. पण या ओगाने शब्द पाळला. वर्षभराने गेलो तर तो पोरगा चार गाळे सोडून स्वतःच्या दुकानात बेअरिंगं विकत होता आणि जुना मालक आपणहून गिऱ्हाईक तिकडे पाठवत होता.

मी २०२० मध्ये परत निघालो. मालकांनी विचारलं, तुमच्या जागी कोण? मी केहिंदेचं नाव घेतलं. ते म्हणाले, लोकल माणूस नको, खरेदीत पैसे खाईल. ज्याने सहा वर्षांत एका बेअरिंगचं बिलसुद्धा चुकीचं लावलं नव्हतं त्याच्याबद्दल हे बोलणं, आणि मी गप्प बसलो. भारतातून सत्तावीस वर्षांचा एक मुलगा आला. त्याला मशीन समजावून दिलं केहिंदेनेच. कागदावर केहिंदे पुन्हा अंडरस्टडी.

२०२२ मध्ये त्याने नोकरी सोडली. त्याचा भाऊ तायवो तेव्हा बँकेची खुर्ची सोडून इंग्लंडला गेला. तिथे तो वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची आंघोळ-जेवण बघतो आणि घरी सगळ्यांना ते ताठ मानेने सांगतो. असं देश सोडून जाण्याला योरुबात ‘जापा’ म्हणतात. केहिंदे मात्र गेला नाही. लागोसजवळ ओटाला त्याने मोल्ड (प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे) दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप टाकलंय, हाताखाली तीन पोरं आहेत. मी होतो तेव्हा, २०१४ मध्ये, डॉलरला १६० नायरा पडायचे, २०२४ मध्ये पंधराशेच्या घरात गेले. आयात सुटे भाग कुणाला परवडेनात, म्हणून त्याच्याकडे काम येतं. पण डिझेलही परवडत नाही, म्हणून पुष्कळदा मशीन बंद ठेवून बसावं लागतं. फोनवर विचारलं, पोरांना पुढे काय देणार? म्हणाला, पाच वर्षांनी पहिल्याला लेथ देईन. हा योरुबा माणूस, रीत इग्बोंची उचललीय.

परवा आमच्या गल्लीतला एक मुलगा पेढे घेऊन आला. पुढच्या महिन्यात अग्बाराला चाललाय, मेंटेनन्सलाच. मी त्याला मलेरियाच्या गोळ्यांचं सांगितलं, केहिंदेचा नंबर दिला आणि म्हटलं, हजेरीपटावर माणसांची नावं पूर्ण लिही, रिपोर्टमध्ये ज्याने काम केलं त्याचं नाव घाल. ‘ए कू इशे’ त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

आपल्या लेखकांना माझी विनंती आहे. या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा मालकांशी बोला, आमच्यासारख्या जाऊन आलेल्यांशी बोला, पण त्या जागेमागच्या दोन अंडरस्टडींपैकी एकाशी तरी बोला. नंबर हवा असल्यास, केहिंदेला विचारून, मी देईन.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स इंजिनिअर, इचलकरंजी
(कृपया नाव छापू नये.)